एका बैठकीच्या शोधात

प्रवासवर्णने लिहिणारी मंडळी बहुधा राजवाडे, धबधबे किंवा प्राचीन मंदिरे पाहावयास जातात आणि परत आल्यावर त्यांची रसभरित वर्णने करतात. आम्ही मात्र या लेखात वाचकांना ज्या गावी नेणार आहोत, तेथे आम्ही एका जुन्या हॉटेलची इमारत, एका वाड्याच्या फाटकाजवळचे घर, एक स्वयंपाकघर आणि एक साधे थडगे एवढेच पाहिले. गावाचे नाव ॲक्रन. अमेरिकेतील ओहायो राज्यात ते आहे. इतक्या दूर या चार गोष्टी पाहावयास जाण्याचे कारण मात्र खानापूर तालुक्यातील आमच्या खेड्यात, आमच्या स्वतःच्या घरात होते.

आमचा धाकटा भाऊ दारू पितो हे गावाला आमच्या आधी कळले. प्रथम सणासुदीला, मग बाजारच्या दिवशी, मग रोज संध्याकाळी, आणि अखेर सकाळी हात थरथरू नयेत म्हणून न्याहारीपूर्वी. भाताचे एक खाचर गहाण पडले. भावजय माहेरी जाऊन दोनदा परत आली. भावाने किती वेळा शपथा घेतल्या याची गणती नाही. पापनिवेदनास तो नियमाने जाई व खऱ्या पश्चात्तापाने रडे. परंतु चार दिवसांनी पुन्हा गुत्त्याची वाट धरी. आमच्या धर्मग्रामाच्या फादरांनी एकदा त्याला शांतपणे जवळ बसवून सांगितले, “बाळ, तुझ्या पापाची क्षमा मी देववीन, पण हा तुझा आजारही आहे, आणि आजाराला वैद्य व सोबती लागतात. जे स्वतः यातून उठले आहेत त्यांच्या बैठकीला तू जा.”

आम्ही चौकशी केली. शहरात ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ म्हणजे ‘नाव न सांगणारे मद्यपी’ या संस्थेची बैठक भरत असे. एका शनिवारी आम्ही भावाला घेऊन गेलो. त्याला दारापाशी सोडून आम्ही रस्त्यापलीकडे चहाच्या दुकानात बसलो. तासाभराने तो बाहेर आला तो खाली मान घालूनच.

“काय रे, कसे झाले?” आम्ही विचारले.

“दादा, ती मंडळी वेगळी. सगळे इंग्रजीत बोलत होते. कुणी बँकेतला, कुणी कारखान्यातला. मला बोल म्हणाले, तर तोंडून शब्द निघेना. ते माझ्यासाठी नाही.”

त्याच संध्याकाळी तो गुत्त्यावर गेला. त्या मंडळींचा यात काहीच दोष नव्हता. त्यांनी त्याला आदराने खुर्ची दिली होती, चहा दिला होता. पण ‘ते माझ्यासाठी नाही’ हे वाक्य आमच्या घरात दगडासारखे येऊन पडले. पुढे बैठकीचा विषय काढला की तो तेच वाक्य म्हणे, आणि आम्हांस उत्तर सुचत नसे.

यानंतर काही महिन्यांनी आमच्या भाच्याने आम्हांस क्लीव्हलंडला बोलावून घेतले. तो तेथील इस्पितळात नोकरीस आहे. बहिणीच्या मुलाचा संसार पाहावा, चार दिवस विसावा घ्यावा, एवढ्याच हेतूने आम्ही गेलो. परंतु पहिल्याच आठवड्यात जेवताना भावाचा विषय निघाला, तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, ज्या बैठकीवरून धाकटे मामा परत फिरले, ती बैठक सुरू झाली ते गाव येथून साठ किलोमीटरवर आहे. रविवारी जाऊया का?” आम्ही लागलीच होकार दिला.

जून महिना होता. दरवर्षी १० जूनच्या सुमारास या संस्थेच्या स्थापनेचा मेळा ॲक्रनला भरतो व देशोदेशींची हजारो माणसे तेथे लोटतात. आम्ही ती गर्दी ओसरल्यावर गेलो. क्लीव्हलंडहून दक्षिणेला जाताना कायहोगा नदीचे गर्द झाडीचे खोरे लागते. कालव्यांच्या काळात बोटी पायरीपायरीने वर चढवून ज्या उंचवट्यावरून पलीकडे उतरवीत, तेथे हे गाव वसले. ॲक्रन हे नावही उंच जागा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडले आहे. पुढे ते रबराचे शहर म्हणून प्रसिद्धीस आले. आपल्याकडच्या जुन्या मोटारींच्या चाकांवर ज्या कंपन्यांची नावे आपण वाचीत आलो, त्या गुडइयर व फायरस्टोन कंपन्या येथल्याच. आता ती जुनी भरभराट उरलेली नाही. लाल विटांच्या उंच गिरण्यांपैकी काहींतून दुसरेच उद्योग चालतात, आणि रविवार सकाळी मुख्य रस्त्यावर आमच्या खानापूरच्या बाजारात दिसावीत तेवढीही माणसे नव्हती.

त्या मुख्य रस्त्यावर एका कोपऱ्याला एके काळी मेफ्लॉवर नावाचे मोठे हॉटेल होते. हॉटेल कधीच बंद पडले व इमारतीत पुढे राहण्याची बिऱ्हाडे झाली. आम्ही बाहेरच्या पदपथावर उभे राहिलो व भाच्याने आम्हांस तेथे घडलेली हकिगत सांगितली.

११ मे १९३५, शनिवार. न्यूयॉर्कचा बिल विल्सन नावाचा एक शेअरदलाल या हॉटेलात उतरला होता. एका लहान कंपनीचा ताबा मिळविण्याच्या खटपटीत तो येथे आला होता, व ती खटपट फसली होती. सोबती परत गेले होते, खिशात पैसे थोडे, आणि उद्या रविवार. बिल हा स्वतः असाध्य ठरलेला मद्यपी होता. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. दिवाणखान्याच्या एका टोकाला मद्यगृह होते, व तेथील हसण्याखिदळण्याचा आवाज त्याच्या कानी पडत होता. दुसऱ्या टोकाला टेलिफोन होता व त्याच्याजवळ गावातील चर्चची यादी टांगलेली होती. या पाच महिन्यांत त्याला एक गोष्ट उमगली होती: दुसऱ्या मद्यप्याशी बोलत असताना स्वतःची तहान शमते. त्याने टेलिफोन उचलला आणि यादीतील एका धर्मोपदेशकास विचारले, की या गावात एखादा मद्यपी मला भेटवाल काय?

हा प्रश्न ऐकून कोणीही टेलिफोन खाली ठेवला असता. परंतु रेव्हरंड वॉल्टर टंक्स यांनी त्यास सुमारे दहा नावे दिली. बिलने एकामागून एक नंबर फिरविले. कोणी घरी नव्हते, कोणास सवड नव्हती. नावे संपत आली तेव्हा एकाकडून आणखी एक नाव मिळाले, ते हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंचे. त्या बाई म्हणाल्या, “या.”

वाचकहो, आम्ही त्या पदपथावर उभे राहून मनाशी हिशेब केला. जगातील पहिल्या बैठकीला जागा मिळण्यासाठी दहा जणांची दारे ठोठवावी लागली. आमच्या भावाने तर एकच दार ठोठविले होते.

हेन्रिएटाबाई ज्या घरात राहत ते स्टॅन हायवेट नावाच्या भव्य वाड्याच्या फाटकाजवळचे घर. हा वाडा गुडइयर कंपनीच्या संस्थापकाने बांधविला. बाई त्याच्या सूनबाई. आज वाडा व बाग पाहावयास प्रवासी जातात. आम्ही वाड्याकडे न वळता फाटकाच्या घरातच थांबलो. घर लहान व नीटनेटके आहे. १२ मे १९३५ रोजी, मातृदिनाच्या रविवारी, संध्याकाळी पाच वाजता येथे डॉक्टर रॉबर्ट स्मिथ नावाचे शल्यवैद्य आपल्या पत्नीसह आले. वय पंचावन्न, हात कापत होते. आदल्या दिवशी ते इतके प्यालेले होते की भेट पुढे ढकलावी लागली. पत्नीच्या आग्रहास्तव आलो आहे, पंधरा मिनिटांच्या वर बसणार नाही, असे त्यांनी बजावले होते. ते रात्री अकरा वाजून गेल्यावर उठले.

या सहा तासांत असे काय घडले? येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. डॉक्टर त्यापूर्वी अडीच वर्षे एका धार्मिक मंडळाच्या सभांना जात होते. ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ हे त्या मंडळाचे नाव. ते बायबल वाचीत, प्रार्थना करीत, आणि तरीही रोज पीत. सभेतील माणसे भली होती. परंतु त्यांच्यापैकी कोणीही डॉक्टरांचा आजार स्वतः भोगलेला नव्हता. बिलने उपदेश केला नाही. त्याने स्वतःची हकिगत सांगितली: बाटल्या कोठे लपवीत असे, सकाळी कसा थरथरे, शपथा कशा मोडे. डॉक्टरांनी पुढे लिहून ठेवले आहे की आपल्याशी या आजाराविषयी स्वानुभवाने बोललेला हा पहिलाच मनुष्य. त्यानंतरही ते एकदा घसरले, पण १० जून १९३५ नंतर त्यांनी थेंबही घेतला नाही, आणि तोच दिवस संस्थेचा जन्मदिवस मानला जातो.

तेथून आम्ही आर्डमोर रस्त्यावरील डॉक्टरांच्या घरी गेलो. हे घर आता स्मारक म्हणून जतन केलेले आहे. दारात स्वयंसेवकांनी आमचे असे स्वागत केले की जणू आम्ही सासरहून परत आलेली माहेरवाशीण. खाली बैठकीची खोली व स्वयंपाकघर, वर निजण्याच्या खोल्या. आपल्या गावातील एखाद्या बऱ्या शेतकऱ्याच्या घरापेक्षा फार मोठे नव्हे. १९३५ च्या उन्हाळ्यात बिल येथेच राहिला. येथल्या खोल्यांतून कित्येक मद्यप्यांना आणून निजविले, खाऊ घातले, समजाविले. डॉक्टरांच्या पत्नी ॲन या स्वयंपाकघरात त्यांच्या बायकांशी बोलत बसत. नवऱ्याच्या व्यसनाने पोळलेल्या बायकांनाही सोबत हवी असते हे तेव्हापासून ध्यानी येऊ लागले. १९५१ साली बिलच्या पत्नी लोइस यांनी कुटुंबीयांसाठी जी निराळी संस्था काढली, तिचे नाव ‘अल-ॲनॉन’. आम्ही त्या स्वयंपाकघरात उभे होतो तेव्हा आमच्या भावजयीची आठवण झाली. आजवर आम्ही सर्वांनी भावाचीच चिंता वाहिली होती. तिच्याशी बोलावयास कोणी आहे काय, हे आम्ही कधी विचारलेही नव्हते.

आता जी हकिगत सांगावयाची ती आपणा कॅथलिक कुटुंबांना विशेष जवळची आहे. सुरुवातीची चार वर्षे ही मद्यपी मंडळी ऑक्सफर्ड ग्रुपच्या सभेतच बसत. दर बुधवारी ती सभा ॲक्रनच्या टी. हेन्री विल्यम्स या गृहस्थांच्या घरी भरे. क्लीव्हलंडहून काही जण मोटारीने येत व रात्री परत जात. त्यांपैकी पुष्कळसे कॅथलिक होते. त्यांच्या धर्मगुरूंना ही सभा पसंत पडेना, कारण ती दुसऱ्या पंथाच्या उपासनेच्या धर्तीवर चाले व तेथे सर्वांसमक्ष पापांचा उच्चार करावा लागे. त्या माणसांपुढे मोठा पेच उभा राहिला. सभा सोडावी तर दारू पुन्हा गळ्यात पडणार. सभा धरावी तर मनाला टोचणी.

यांपैकी कोणी ‘ते माझ्यासाठी नाही’ असे म्हणून घरी बसले असते तर कोण त्यांना दोष देता? परंतु त्यांनी निराळी वाट काढली. ११ मे १९३९ रोजी क्लीव्हलंडच्या एका उपनगरात, एका कॅथलिक वकिलाच्या घरी, त्यांनी स्वतःची बैठक भरविली. त्याच्या आदल्याच महिन्यात या मंडळींचे पुस्तक प्रसिद्ध झाले होते. त्याचे नाव त्यांनी आपल्या बैठकीला दिले, व ते नाव धारण करणारी पहिली बैठक हीच असे सांगतात. दारू सोडण्याची इच्छा आहे एवढी एकच अट. पंथ कोणताही असो. ॲक्रनच्या जुन्या मंडळींना प्रथम याचे वाईट वाटले, वादही झाले. पण त्याच वर्षाच्या अखेरीस ॲक्रनची मंडळीही त्या धार्मिक सभेतून बाहेर पडली. क्लीव्हलंडमध्ये एका वृत्तपत्राने लेखमाला छापल्यावर एका बैठकीच्या अनेक बैठका झाल्या, आणि नव्या माणसाला एक न रुचली तर दुसरी, दुसरी न रुचली तर तिसरी, अशी निवड करता येऊ लागली. म्हणजे योग्य बैठक शोधणे हा हट्ट नव्हे. या संस्थेला आजचे रूप आले तेच अशा शोधातून.

पापनिवेदनाविषयीची शंका आपल्यापैकी कोणाच्या मनात असेल तर तिचेही येथे निरसन करू. आजच्या बैठकीत मनुष्य आपली हकिगत सांगतो व इतर ऐकतात. तेथे कोणी क्षमा देत नाही व देण्याचा आवही आणीत नाही. क्षमेसाठी आपला धर्मगुरु आहेच. सेंट लुईसचे येशूसंघीय फादर एडवर्ड डाउलिंग यांनी १९४० साली ही मंडळी पाहिली तेव्हा त्यांच्या बारा पायऱ्यांत त्यांना संत इग्नेशियस यांच्या आध्यात्मिक साधनेशी साम्य आढळले, व ते बिलचे जन्मभर मित्र झाले. ज्या संताचा शिष्य गोव्याच्या बॉम जेझूमध्ये विसावला आहे, त्याच संताची ही साधना.

ॲक्रनच्या सेंट थॉमस इस्पितळात सिस्टर इग्नेशिया नावाच्या एक जोगीण होत्या. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या, किरकोळ अंगाच्या, मुळात संगीतशिक्षिका. प्रकृती ढासळल्यामुळे त्यांना शिकविणे सोडावे लागले व इस्पितळात रोग्यांची नोंद घेण्याचे काम मिळाले. त्या काळी मद्यप्यांना इस्पितळे दारात उभी करीत नसत. १६ ऑगस्ट १९३९ रोजी डॉक्टर स्मिथ यांच्या विनंतीवरून सिस्टरांनी एका मद्यप्यास पोटाचा विकार अशी नोंद करून भरती करून घेतले, आणि एकांत मिळावा म्हणून त्याची खाट फुले सजविण्याच्या खोलीत सरकविली. १९५० साली डॉक्टर निवर्तले, तोवर त्या दोघांच्या हातांखालून हजारो मद्यपी गेले होते. रोगी घरी निघाला की सिस्टर त्याच्या हाती येशूच्या पवित्र हृदयाचा एक छोटा बिल्ला ठेवीत व सांगत: पुन्हा प्यावेसे वाटले तर आधी हा बिल्ला येथे येऊन मला परत दे. १९६६ साली त्या देवाघरी गेल्या.

सिस्टरांची गोष्ट सांगण्यात आमचा आणखी एक हेतू आहे. त्या प्रथम रोग्याला खाटेवर निजवीत, मग बैठकीला धाडीत. जो मनुष्य वर्षानुवर्षे रोज पुष्कळ पीत आला आहे, त्याने एकाएकी दारू तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी प्राणावर बेतते. म्हणून अशा माणसास घरात कोंडून ठेवू नये. प्रथम डॉक्टरांकडे न्यावे. पुण्याचे ‘मुक्तांगण’ १९८६ सालापासून मराठी माणसांना सुपरिचित आहे. इतरत्रही अशी केंद्रे व सरकारी इस्पितळे आहेत. बैठक ही औषधाच्या जागी नाही, औषधानंतरच्या आयुष्यासाठी आहे.

संध्याकाळी भाच्याने आम्हांस एका चर्चच्या तळघरातील खुल्या बैठकीला नेले. बैठका दोन प्रकारच्या असतात: बंद बैठकीत केवळ मद्यपी बसतात, खुल्या बैठकीत आमच्यासारखे आप्तही बसू शकतात. लाकडी खुर्च्या, कॉफीची किटली, भिंतीवर बारा पायऱ्यांचा तक्ता. वर्गणीची सक्ती नाही, नोंदवही नाही, आडनाव कोणी सांगत नाही. जो उठे तो आपले पहिले नाव सांगे व आपण मद्यपी असल्याचे सांगून बोलू लागे. मध्ये कोणी टोकीत नसे, सल्ला देत नसे.

बैठक संपल्यावर रबराच्या गिरणीतून निवृत्त झालेल्या एका वृद्ध गृहस्थाशी आम्ही बोललो. भावाची हकिगत ऐकून ते हसले नाहीत की त्यांनी नवलही केले नाही. ते म्हणाले, “पहिल्या महिन्यात मी सहा ठिकाणी बसलो. एकही आवडली नाही. सातव्या ठिकाणी एक मनुष्य उठला व म्हणाला की मी आईच्या अंत्यविधीला पिऊन गेलो होतो. मीही तेच केले होते, आणि ते जगात कोणाला सांगितले नव्हते. त्या खोलीत मी तेव्हापासून येतो आहे.” किती वर्षे, असे आम्ही विचारले. “आज चोवीस तास,” ते म्हणाले, मग आमची गोंधळलेली मुद्रा पाहून त्यांनी सांगितले, “मोजली तर एकतीस वर्षे. पण आम्ही आजचा दिवसच मोजतो.”

क्लीव्हलंडला परतण्यापूर्वी आम्ही डॉक्टर स्मिथ यांच्या थडग्यापाशी गेलो. दगडावर नवराबायकोची नावे आहेत. ज्या कार्यामुळे जग त्यांना ओळखते त्याचा उल्लेखही नाही. दगडावर मात्र कित्येक बिल्ले ठेवलेले होते. एक महिना, एक वर्ष, दहा वर्षे दारूविना काढलेल्या अनोळखी माणसांनी ते वाहिले होते. आम्ही तेथे भावासाठी एक ‘आमच्या बापा’ म्हटली आणि निघालो.

घरी आल्यावर आम्ही भावाला उपदेश केला नाही. मेफ्लॉवर हॉटेलातील दहा नावांची गोष्ट सांगितली आणि त्या वृद्धाच्या सहा बैठकांची. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “म्हणजे मला न आवडली म्हणून मी नालायक नव्हे?”

“नव्हे रे. दुसरी बघू.”

भारतात ही संस्था १९५७ साली आली, आणि आता आपल्याकडेही निरनिराळ्या भाषांत बैठका भरतात हे आम्हांस ठाऊक नव्हते. शहरातील त्या पहिल्याच बैठकीच्या चिटणिसांना आम्ही भेटलो. मराठीत कोठे भरते असे विचारताच त्यांनी आनंदाने पत्ते लिहून दिले. ‘आमच्याकडे का येत नाही’ असे एका शब्दानेही म्हटले नाहीत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली भावाने आठ दिवस इस्पितळात काढले. त्यानंतर नातलगांकडे गोव्याला गेलो असता तेथील एका बैठकीत तो बसला. माणसे कोंकणी बोलणारी, आपल्यापैकीच. त्याला ती फार आवडली. परंतु अनमोडचा घाट ओलांडून दर आठवड्यास जाणार कसे? बैठक चांगली असून भागत नाही, पाय तेथवर पोचले पाहिजेत. तिसरी बैठक आमच्या जवळच्याच एका गावी शाळेच्या खोलीत मिळाली. दर गुरुवारी, मराठीत, संध्याकाळी सहाला. परतीची शेवटची बस साडेसातला.

त्या गुरुवारी आम्ही बसस्थानकावर वाट पाहत बसलो. तो आला आणि काही न बोलता शेजारी बसला. मग आपण होऊनच म्हणाला, “दादा, एक ट्रकवाला बोलला. त्याने पोरीचे पैंजण विकले होते. मग मी उठलो. धाकटीच्या पहिल्या कम्युनियनला आईने दिलेल्या कुड्या हरवल्या नव्हत्या. त्या मी विकल्या. कुमसारात सांगितले होते, पण माणसांत आज प्रथम बोललो.” आम्ही काय बोलणार? बस आली, आम्ही चढलो. घरी गेल्यावर त्याने ती गोष्ट भावजयीला व मुलीला सांगितली. ती रात्र आमच्या घरात कठीण गेली. परंतु तेव्हापासून त्या घरात खोटे बोलण्याची गरज कमी कमी होत गेली. ही हकिगत आम्ही त्याच्या व धाकटीच्या संमतीने, नाव वगळून, छापीत आहोत. त्याचीच तशी इच्छा आहे. कोणाला तरी उपयोग होईल, असे तो म्हणतो.

आपल्या घरात असा कोणी असेल, तर आमच्या या प्रवासातील चार गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. बैठक शोधताना पाहावे की तेथली भाषा आपली आहे काय, आपल्या पायांना व खिशाला ती जागा परवडते काय, तेथे कोणी पैशाचा, पंथाचा वा स्वतःच्या मोठेपणाचा आग्रह धरीत नाही ना, ऐकलेले बाहेर जात नाही ना. आणि सर्वांत महत्त्वाचे हे, की तेथे आपल्यासारखा कोणी आहे काय, ज्याचे बोलणे ऐकून आपल्यालाही खरे बोलावेसे वाटेल. हे पहिल्या खेपेस कळत नाही. एकेका बैठकीस चारदा तरी बसावे. आणि तरीही मन रमले नाही तर दुसरे दार शोधावे, घरी परत फिरू नये. आप्तांनीही आपल्यासाठी सोबत शोधावी. आमची भावजय आता त्याच शाळेत पलीकडच्या खोलीत बायकांबरोबर बसते.

भावाला दारू सोडून किती दिवस झाले हे आम्ही मुद्दामच लिहीत नाही. मध्ये तो एकदा घसरलाही, व पुढच्या गुरुवारी पुन्हा त्याच खुर्चीवर जाऊन बसला. परवा शाळेच्या खोलीत एक नवा मुलगा आला होता, दारापाशीच घुटमळत. तो म्हणे, मला हे जमणार नाही, ही मंडळी वेगळी. आमच्या भावाने त्याला शेजारी बसविले, आणि आणखी दोन बैठकांचे पत्ते कागदावर लिहून त्याच्या खिशात घातले.